शिव्या घातलेली सीरिज आवडायला लागली, आता काय करू?

या वेळी पत्रांचा ढीग बघितला तर जवळजवळ सगळ्यांचं दुखणं एकच, आवडत्या पुस्तकावरून काढलेली सीरिज, तिचा नवा सीझन आणि आपलं पलटलेलं मन. म्हणून सगळी एकत्रच घेतलीयत. स्पॉयलर भरपूर आहेत हं. 'व्हील ऑफ टाइम', 'गेम ऑफ थ्रोन्स', 'हाउस ऑफ द ड्रॅगन' यातलं काही बघायचं राहिलं असेल तर आपापल्या जबाबदारीवर पुढे वाचा, नंतर मला बोलायचं नाही.

प्रश्न: ताई नमस्कार, प्रश्न बालिश वाटेल कदाचित पण डोक्यातून जातच नाहीये. मी कॉलेजपासून 'व्हील ऑफ टाइम' वाचतेय, चौदाच्या चौदा पुस्तकं, काही तर परत परत. २०२१ ला प्राइमवर सीरिज आली तेव्हा पहिल्याच एपिसोडला पेरिनला बायको काय दिली, तीही लगेच मारून काय टाकली, माझी जी सटकली ती सटकलीच. दुसरा सीझन दात-ओठ खात बघितला, मैत्रिणींबरोबर प्रत्येक सीनची चिरफाड केली, खरं सांगू का त्यातच जास्त मजा यायची. आणि मग २०२५ ला तिसरा सीझन आला आणि मी चक्क प्रेमात पडले. रडले वगैरे. आता मैत्रिणी म्हणतात तू पलटलीस, एक तर म्हणाली तू खरी फॅन नव्हतीसच. त्यात दोन महिन्यांत सीरिज बंद केल्याची बातमी आली आणि मला असं वाटायला लागलंय की आपणच हिला एवढी नावं ठेवली म्हणून... म्हणजे मूर्खपणा आहे हे कळतं, पण वाटतं. पहिला सीझन परत बघून त्याला माफ करून टाकू का? माझी मतं इतकी कच्ची आहेत का?
(सही: पलटलेली)

उत्तर: अगं पलटलेली, पलटी सीरिजने मारली, तू नाही. तू समोर जे आलं ते बघून बोललीस, दोन्ही वेळा. २०२१ मध्ये समोर जे होतं ते बऱ्यापैकी विस्कटलेलं होतं आणि २०२५ मध्ये जे होतं ते मस्त होतं, यात मत कच्चं असण्याचा संबंध येतो कुठे. मत कच्चं तेव्हा म्हणले असते जेव्हा तिसरा सीझन आवडूनही मैत्रिणींच्या धाकाने तू तोंड वाकडं करून बसली असतीस.

आता तुझ्या रागाचं जरा ऑडिट करू, कारण सगळा राग एकाच पिशवीत भरून ठेवलायस असं दिसतंय. पेरिनची बायको लैला हा लेखकांच्या टेबलावर बसून घेतलेला निर्णय. पुस्तकात तो लग्न न झालेला, लोहाराच्या हाताखाली शिकणारा, स्वतःच्या ताकदीला घाबरणारा मुलगा आहे. ते घाबरणं पुस्तकात पानंच्या पानं चालू राहतं, पण टीव्हीवर माणसाच्या डोक्यात काय चाललंय ते दाखवता येत नाही, म्हणून त्यांनी शॉर्टकट मारला, त्याच्याच कुऱ्हाडीने त्याची बायको मेली की झालं, भीतीला कारण मिळालं. मला हा शॉर्टकट तेव्हाही स्वस्तातला वाटला आणि आजही वाटतो. तो निर्णय काही तिसऱ्या सीझनमुळे बरा झालेला नाही, तेव्हा तो राग तू खुशाल जपून ठेव.

पण पेरिनचा दोस्त मॅट, त्याचं काय? पहिल्या सीझनच्या शेवटच्या दोन एपिसोडात मॅट जवळजवळ गायब आहे, सगळे वेगेटमधून, म्हणजे त्या जादूच्या दारातून, आत जातात आणि हा बाहेरच उभा राहतो, पुस्तकवाल्यांनी तेव्हा आकाशपाताळ एक केलं होतं. तो काही निर्णय नव्हता. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे प्रागमधलं शूटिंग थांबलं, परत सुरू झालं तेव्हा मॅटचं काम करणारा बार्नी हॅरिस परत आलाच नाही, म्हणून शेवटचे एपिसोड बदलून लिहावे लागले आणि दुसऱ्या सीझनपासून डोनाल फिन मॅट झाला. म्हणजे तुझा निम्मा राग लेखकांवर आणि निम्मा नशिबावर होता. अर्थात हे कळलं म्हणून तो शेवटचा एपिसोड चांगला होत नाही, त्यांच्याच गावची नाइनीव जळून कोळसा झाल्यासारखी पडते आणि तिची मैत्रीण एग्वेन तिला बरी करते तो सीन अजूनही मला बघवत नाही. प्रेक्षकाला पडद्यावर एपिसोड दिसतो, त्यामागचं कारण नाही. त्यामुळे माफी वगैरे राहू दे.

आता तिसरा सीझन. हा का जमला याचं मला जाम कुतूहल होतं, कारण टीम बऱ्यापैकी तीच, शोरनर, म्हणजे सीरिजचा कर्ताधर्ता, रेफ जडकिन्सच, एपिसोडही आठच. माझ्या मते झालं असं की त्यांनी सगळं थोडं थोडं घेण्याचा नाद सोडला. मूळ मालिका चौदा पुस्तकांची, सुमारे ४४ लाख शब्द, आणि सीरिजकडे वर्षाला नाही तर दीड-दोन वर्षांनी आठ तास. हे गणित कुठल्याही देवाला सुटणार नाही. पहिल्या सीझनला ते पहिलं पुस्तक धरून पळत होते आणि धापा टाकत होते, दुसऱ्यात दुसरं आणि तिसऱ्यातलं जमेल ते कोंबलं. तिसऱ्याला मात्र त्यांनी चौथं पुस्तक, 'द शॅडो रायझिंग', घट्ट पकडलं. त्यासाठी तिसऱ्या पुस्तकाचा अख्खा क्लायमॅक्स, टिअरचा किल्ला, कॅलँडोर तलवार, सगळं बाजूला ठेवून नायक रँडला थेट आयील लोकांच्या वाळवंटात नेलं. आता गंमत बघ, पेरिनच्या बायकोवरून 'पुस्तकाशी गद्दारी' म्हणून ओरडणारे आपण सगळे, एका पुस्तकाचा शेवटच्या शेवट गाळला तरी हूं की चूं केलं नाही. का? तर बदल्यात रुइडियन, आयील लोकांचं ते पवित्र शहर, मिळालं ना.

तू रडलीस ती चौथ्या एपिसोडलाच रडली असणार, मला लिहायची गरज नाही. पुस्तकात रँड काचेच्या खांबांमधून चालतो आणि प्रत्येक पावलाला एकेका पूर्वजाच्या आयुष्यात जातो, मागे मागे, जोपर्यंत हे कळत नाही की सगळ्या जगाला धाक असलेले हे भालेवाले आयील मुळात शस्त्राला हातही न लावणारे लोक होते. वाचताना काय होतं, दर वेळी नवीन नाव, नवीन माणूस, आपण दोन पानं चाचपडतो आणि मग जोडणी लागते. सीरिजने काय केलं, ते सगळे पूर्वज रँडचं काम करणाऱ्या जोशा स्ट्राडोव्स्कीलाच करायला लावले, तोच चेहरा, वेगळी दाढी, वेगळे कपडे, वेगळं वय. एका चेहऱ्याने ते रक्ताचं नातं काही न बोलता सांगून टाकलं. हे पुस्तकाला शक्यच नाही. त्या एपिसोडचं नावही पुस्तकातल्या त्या प्रकरणाचंच ठेवलंय, 'द रोड टू द स्पिअर'. पहिल्या सीझनला त्यांनी पुस्तकातलं दाखवता येत नाही म्हणून भलतंच काहीतरी घुसवलं, आणि इथे पुस्तकातलंच घेऊन पडद्याला जे येतं ते त्यात घातलं, तुझं मन तिथे फिरलं.

आणि थोडं तुझंही आत बदललं असणार, ते नाकारू नकोस. पहिल्या सीझनला तुझ्या डोक्यात वर्षानुवर्षं बसलेले चेहरे होते आणि समोर परकी माणसं. साडेतीन वर्षांत ती परकी राहिली नाहीत. दुसऱ्या सीझनला एग्वेन शॉनचन या आक्रमकांच्या कैदेत गळ्यात पट्टा घालून बसलेली असते, ते पाणी ओतायचं प्रकरण आठवतंय? दात-ओठ खात बघितला म्हणतेस पण त्या एपिसोडला तूही गप्प बसली असशील. माझ्या डोक्यातली जुनी एग्वेन तिथे पुसली गेली आणि मॅडलिन मॅडन बसली ती बसलीच. रोझमंड पाइकची मोरेन तर मला पहिल्या दिवसापासून पटली होती, पण ते सोडा.

मैत्रिणीला एक विचार, पुस्तकांच्या बाबतीत ती कधी पलटली नाही का? दहावं पुस्तक, २००३ चं, 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट', त्यात काय घडतं हे तिने मला सांगून दाखवावं. अख्खं पुस्तक लोक चहा पितात, स्कर्ट सारखा करतात आणि लांब कुठेतरी झालेल्या एका घटनेवर चर्चा करतात. तेव्हा निम्म्या वाचकांनी लेखक जॉर्डनला शिव्या घातल्या होत्या. मग २००७ मध्ये रॉबर्ट जॉर्डन गेले, त्यांच्या पत्नी हॅरिएट मॅकडुगल, ज्या त्यांच्या संपादकही होत्या, त्यांनी ब्रँडन सँडरसनची निवड केली आणि शेवटची तीन पुस्तकं त्याने पूर्ण केली, २०१३ पर्यंत. बाराव्या पुस्तकातला मॅट वाचून 'हा कोण नवीन विनोदवीर' असं म्हणाला नाही असा फॅन मला भेटलेला नाही, आणि तेच लोक चौदाव्याला ढसाढसा रडले. म्हणजे प्रेम, वैताग, परत प्रेम हे या मालिकेच्या वाचकाला नवीन नाहीच, ते आपण पुस्तकांबरोबर आधीच करून बसलोय. टीव्हीच्या बाबतीत केलं की गद्दारी कशी काय?

सीरिज बंद पडण्याचं पाप मात्र तू अजिबात डोक्यावर घेऊ नकोस. २३ मे २०२५ ला बातमी आली तेव्हा कारण पैशाचं असल्याचं सांगितलं गेलं, म्हणजे खर्चाच्या मानाने बघणारे कमी. तिसऱ्या सीझनला समीक्षकांनी डोक्यावर घेतलं होतं, कंपनीतल्या लोकांनाही आवडला होता म्हणे, तरी बंद. माझं स्वतःचं मत विचारशील तर हे तिसऱ्या सीझनला ठरलं नाही, पहिल्यालाच ठरलं. पहिल्याला जे उठून गेले ते परत आले नाहीत, आणि नवीन माणसाला 'तिसरा बघ, मस्त आहे' सांगून उपयोग काय, त्याला आधी सोळा एपिसोड ओलांडून यायला लागतात आणि तो दुसऱ्या-तिसऱ्यालाच झोपतो. तू चिडलीस तरी शेवटपर्यंत बघत राहिलीस, तुझ्यासारखे अजून असते तर चौथा सीझन आला असता.

आणि हो, हे मेली म्हैस मणभर दूध प्रकरण सुरू करू नकोस. बंद पडली म्हणून पहिला सीझन अचानक गुणी होत नाही, आणि तिसऱ्यात सुद्धा सगळं गोड नाही. शेवटच्या एपिसोडला सुआनचं, म्हणजे जादूगार बायकांच्या प्रमुखाचं, मुंडकं उडवलं ते मला पटलेलं नाही. पुस्तकात तिला पदावरून काढतात, तिची शक्ती तोडतात, आणि त्यानंतर सगळं गमावलेली बाई नव्याने कशी उभी राहते हा माझ्या मते तिचा खरा भाग, तो पुढे कित्येक पुस्तकं पुरतो. सोफी ओकोनेडो शेवटचं भाषण काय भारी देते हे मान्य, पण भाषण देऊन मरणं सोपं असतं, पुढची पुस्तकं जास्त अवघड होती. हे मी म्हणते आणि तरी तो सीझन मला आवडतो, दोन्ही एकाच वेळी, काही बिघडलं नाही माझं.

मैत्रिणीशी अख्ख्या सीरिजवर वाद घालत बसू नकोस. तिला फक्त तिसऱ्या सीझनचा चौथा एपिसोड दाखव, ती पुस्तकवाली आहे, तिला मागचं काही लागणार नाही. नाही आवडला तर नाही, तिलाही तिचं मत असू दे. आणि तुला पुढचं हवंच असेल तर पाचवं पुस्तक उघड, 'द फायर्स ऑफ हेवन', सीरिज जिथे थांबली तिथून साधारण तेच पुढे चालू होतं. या वेळी वाचताना चेहरे कोणाचे येतात ते मला कळव, मला खरंच उत्सुकता आहे.

प्रश्न: नमस्कार. मी निवृत्त माणूस, 'गेम ऑफ थ्रोन्स' मुलाने लावून दिली आणि पहिले चार सीझन मी झपाटल्यासारखे बघितले, नंतर पुस्तकंही आणून वाचली. आठव्या सीझनने सगळं घालवलं. तेव्हापासून जुने एपिसोडसुद्धा बघवत नाहीत, शेवट आठवतो आणि बंद करतो. इतकं मनाला लावून घेणं बरोबर आहे का? मुलगा हसतो. त्याचं म्हणणं पुस्तकं संपली म्हणून सीरिज बिघडली, त्यात कोणाचा दोष नाही. खरं आहे का?

उत्तर: काका, मुलाला हसू द्या, आठव्या सीझनचा रिमेक करा म्हणून दहा लाखांहून जास्त लोकांनी ऑनलाइन अर्जावर सह्या केल्या होत्या, तुम्ही एकटे नाही आहात.

मुलाचं म्हणणं अर्धं खरं आहे. सीरिज एप्रिल २०११ ला सुरू झाली, पहिला सीझन संपल्यावर महिन्याभरात पाचवं पुस्तक आलं, आणि सहावं अजून आलेलं नाही. त्यामुळे सहाव्या सीझनपासून पुढे पायाखाली पुस्तक नव्हतं, लेखक मार्टिननी शेवटाचे काही मोठे टप्पे सांगून ठेवले होते तेवढेच. पण अर्धं खोटं यासाठी की घसरण त्याआधीच लागली होती, पुस्तक हातात असताना. पाचव्या सीझनला सान्साचं लग्न रॅमसेशी लावलं, पुस्तकात तिथे जेन पूल नावाची दुसरीच मुलगी आहे. डॉर्नचं तर काय केलं ते तुम्ही वाचलंयत म्हणजे तुम्हाला सांगायला नको. आणि शेवटी घाई ही सगळ्यात मोठी चूक, तीही कोणी लादलेली नव्हती. आधी दर सीझन दहा एपिसोड, सातव्याला सात, आठव्याला सहा. आणखी एपिसोड करायची एचबीओची तयारी होती, सीरिज चालवणाऱ्या बेनिऑफ आणि वाइसना नको होते. डेनेरिस शहर जाळते हे मला तरी अशक्य वाटत नाही, तिच्यात ते पहिल्यापासून होतं, पण तिथे पोचायला दहा एपिसोड लागतात ते दोनात उरकलं की घंटा वाजली आणि बाई वेडी झाली असं वाटतं. कॉफीचा कप फ्रेममध्ये राहून गेला होता तो नंतर त्यांनी पुसला, हे मात्र पुसता आलं नाही.

मनाला लावून घेणं बरोबर की चूक ते मला नाही माहीत, पण जुने एपिसोड सोडून देऊ नका हो. शेवट वाईट निघाला म्हणून नेड स्टार्कचं मुंडकं उडलं तेव्हा तुम्हाला बसलेला धक्का खोटा ठरत नाही. मी काय करते सांगू, चौथ्या सीझनच्या शेवटाशी थांबते. टिरियन बापाला मारून जहाजावर, आर्या जहाजावर, दोघं वेगवेगळ्या दिशेला, माझ्यापुरती सीरिज तिथे संपते, पुढचं मी पुस्तकातून घेते. मुलगा म्हणेल ही फसवणूक आहे. म्हणू दे. तुम्ही उगाच मनाला लावून घेताय असं त्याला वाटत असेल तर त्याने आठवा परत बघून दाखवावा.

प्रश्न: ताई, मला 'हाउस ऑफ द ड्रॅगन'चा दुसरा सीझन आवडला होता. मग लेखकानेच ब्लॉगवर तक्रार केली आणि आता मला तो आवडत नाही असं वाटतंय, म्हणजे मला कळेनासंच झालंय की खरं काय वाटतं. लेखकालाच आवडलं नाही तर आपण आवडून घेणारे कोण?

उत्तर: तू प्रेक्षक, अजून कोण असायला पाहिजे.

झालं काय ते नीट सांगते कारण ऐकीव गोष्टींनीच जास्त गोंधळ होतो. सप्टेंबर २०२४ मध्ये जॉर्ज मार्टिननी ब्लॉगवर लिहिलं आणि थोड्याच वेळात काढूनही टाकलं. मुद्दा होता मेलोर या लहान मुलाचा, राजा एगॉन आणि राणी हेलेना यांचं सगळ्यात धाकटं मूल. पुस्तकात मारेकरी येतात तेव्हा हेलेनाला दोन मुलांपैकी एकाला निवडायला लावतात, ती एकाचं नाव घेते आणि ते मुद्दाम दुसऱ्याला मारतात. जो वाचला त्याच्या तोंडाकडे ती आयुष्यभर कशी बघणार, भयंकर आहे ते. सीरिजमध्ये मेलोरच नाही, त्यामुळे ती निवडच नाही, मारेकरी विचारतात यातला मुलगा कुठला आणि ती दाखवते. मार्टिनचं म्हणणं असं की एवढासा बदल पुढे मोठा होत जातो, हेलेनाच्या पुढच्या गोष्टीवर परिणाम होतो. हे मला पटतं, तक्रार अगदी रास्त आहे.

पण ती तक्रार पुढच्या सीझनांबद्दल जास्त आहे, तू त्या रात्री बघितलेल्या एपिसोडबद्दल कमी. तुला पहिल्या वेळी हेलेनाचं ते थिजलेलं तोंड बघून काही झालं होतं ना, मग ते झालं. लेखकाचं मत वाचून पुढे तुला त्या सीनमध्ये कमतरता दिसायला लागली तर तेही चालतं, फक्त तुला दिसली पाहिजे, त्यांना दिसली म्हणून नाही. आणि दुसरं, ज्या पुस्तकावरून हे काढलंय ते 'फायर अँड ब्लड' काही कादंबरी नाही, एका मेस्टरने, म्हणजे त्या जगातल्या पंडिताने, लिहिलेला इतिहास असल्यासारखं आहे. त्यात एक धर्मगुरू एक सांगतो, मशरूम नावाचा दरबारी विदूषक भलतंच चावट काहीतरी सांगतो, आणि खरं काय ते वाचणाऱ्याने ठरवायचं. अशा पुस्तकावरून सीरिज काढली तर ती अजून एका साक्षीदाराची जबानी झाली असं मी धरते, त्यामुळे मला या सीरिजमधल्या बदलांचा फारसा त्रास होत नाही. लढाई सुरू होणार होणार म्हणत आठ एपिसोडात सीझन संपवला त्याचा मात्र झाला. पहिल्याला दहा होते, तसे असते तर निदान अजून एक तरी मोठी लढाई पदरात पडली असती.

प्रश्न: 'द विचर'मध्ये हेन्री कॅव्हिल नाही तर मी का बघू? नवऱ्याचं म्हणणं, गोष्ट महत्त्वाची, नट नाही.

उत्तर: नवऱ्याला सांग गोष्ट महत्त्वाची असेल तर पुस्तक वाच. सीरिजमध्ये नट म्हणजे निम्मी गोष्टच असते. कॅव्हिल जाणार हे ऑक्टोबर २०२२ मध्येच जाहीर झालं होतं, त्यामुळे २०२३ चा तिसरा सीझन सगळ्यांनी निरोप समारंभासारखा बघितला, आणि चौथ्याला, २०२५ मध्ये, लियम हेम्सवर्थ आला. बिचाऱ्याला तीन सीझनची सवय मोडायची होती. वर मॅटचं सांगितलं ना, तिथे नट बदलला ते पथ्यावर पडलं, डोनाल फिन लोकांना जास्त आवडला, पण तिथे पाच-सहा मुख्य पात्रं आहेत आणि मॅट त्यातला एक. इथे सगळी सीरिज एकाच माणसाच्या खांद्यावर आणि त्याच्या त्या 'हम्म्'वर. दोन एपिसोड बघ. दुसऱ्याच्या शेवटी तू अजून कॅव्हिललाच शोधत असशील तर सोड, नवऱ्याला एकट्याला बघू दे.

प्रश्न: दोन सीझनमध्ये दोन-दोन वर्षं का लागतात हो? तोपर्यंत कोण मेलं कोण जिवंत तेही आठवत नाही. आणि नवीन सीझन आला की मला तो आवडत नाही, मग मागचं परत बघितलं की आवडतो. असं का होतं?

उत्तर: दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यातच आहे की. 'गेम ऑफ थ्रोन्स' सुरुवातीला दर वर्षी वसंतात दहा एपिसोड घेऊन यायची, मागचं डोक्यात ताजं असायचं. पुढे सातवा जुलै २०१७ ला आणि आठवा थेट एप्रिल २०१९ ला. 'व्हील ऑफ टाइम'चा पहिला नोव्हेंबर २०२१, दुसरा सप्टेंबर २०२३. 'हाउस ऑफ द ड्रॅगन'चा पहिला ऑगस्ट २०२२, दुसरा जून २०२४. या असल्या सीरिजमध्ये शूटिंग संपल्यावर खरं काम सुरू होतं, ड्रॅगन कॉम्प्युटरवर बनतो आणि त्याला महिनोन्महिने जातात. त्यात २०२३ ला अमेरिकेत आधी लेखकांचा संप, १४८ दिवस, मग नटांचा, ११८ दिवस, त्यात सगळ्यांचं वेळापत्रक कोलमडलं. (ड्रॅगनवाल्यांचं शूटिंग तेव्हाही चालू राहिलं, त्यांचे बरेचसे नट ब्रिटिश संघटनेच्या करारावर होते.)

त्यामुळे तुला नवा सीझन आवडत नाही असं नाही, तुला तो कळत नाही. नावं आठवत नाहीत, कोणाचं कोणाशी वैर ते आठवत नाही, मग रडण्याच्या सीनला तू 'ही कोण' म्हणून विचारत बसतेस आणि चिडतेस. मागचा अख्खा सीझन परत बघायला वेळ नसेल तर निदान शेवटचे दोन एपिसोड बघून मग नवीन लाव. यूट्यूबवरचे दहा मिनिटांचे रिकॅप नकोत, ते कोण मेलं ते सांगतात, पण तू तेव्हा का रडली होतीस ते नाही सांगत. आणि नवीन सीझनवर पहिल्याच रात्री मत देऊ नकोस कोणाला, कमीत कमी तीन एपिसोड होऊ देत.